बिनटाक्याचं पोट

२१ नोव्हेंबर १९९३, रविवार

आज छबू वावरात पडली. कापसाची वेचणी चालू होती, कमरेची झोळी अर्धी भरली होती, आणि बाई कापसाच्या ओळीतच आडवी झाली. तिच्या वावरातली एक पट्टी बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करणारा वैजीनाथ शेजारीच होता. त्यानं तिला बैलगाडीत घातलं आणि सरळ माझ्या दारात आणलं. उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. म्हणाला, "आजी, गाडीतलं गोणपाट भिजलंय. बाईचं रक्त थांबंना." भीमनगरचा आहे, पण माणूस रीतीचा.

छबू माझी पुतणसून. माझ्या दिराचा थोरला सूर्यभान, त्याची बायको. सूर्यभानला जाऊन चार वर्षं झाली. लेकरूबाळ नाही. ती पट्टी सोडली तर चार एकर एकटीच्या जिवावर करते.

लुगडं सोडलं तर निऱ्यांपासून घोट्यापर्यंत लाल. पोटावर हात ठेवला आणि हात तिथंच थांबला. बेंबीच्या खाली चार बोटांवर कडक, गोल, कवठासारखं. ह्या हातावर दोनशेच्या वर लेकरं आली. हाताला कळलं ते मला कळलं. चौथा महिना.

"छबू, कुणाचं?"

"काय कुणाचं, आत्याबाई?"

"मी काय तुझी वैरीण हाय? माझ्यापासून नको लपवू."

अंगात रक्त नसताना ती हसली. "तुमचा पुतण्या वरून उतरून यायलाय का काय?" मग म्हणाली, "सा महिने झाले, महिन्यातले पंधरा दिवस अंगावरून जायलंय. अशीला दिवस राहत्यात व्हय?"

राहतात, म्हणलं. काहीजणी रक्त दाखवत दाखवतच नऊ महिने भरतात.

मी काही ओरडले नाही. गूळ-शेंगदाणे खायला घातले, पायाखाली उशी दिली. पार्वती म्हणजे सूर्यभानच्या धाकट्या भावाची, भुजंगची बायको, छबूची जाऊ, भिंतीला भिंत लागून राहते. जाता जाता तिला म्हणलं, "तिला गठुडं उचलू देऊ नको." म्हणाली, "कामून?" म्हणलं, "जड हाय ती." काळजीपोटी सांगितलं.

मालकांना (आमचे आप्पाराव, तोंडानं नाव घेत नाही, कागदावर घेतलं तर चालत असावं) हे सांगितलं तर म्हणाले, "पार्वतीला सांगितलंस म्हंजी दवंडीवाल्याचा हेलपाटा वाचला."

२४ नोव्हेंबर

भुजंगनं छबूला मारलं.

मारलं म्हणजे घराघरात मारतात तसं नाही. वावरातून केस धरून ओढत आणली, सगळ्या गावातून. तिचं डोकं चावडीच्या पायरीला आपटलं तरी थांबला नाही. अंगणात आणून बैलाच्या पराणीनं पाठ फोडली. पराणी मोडली तेव्हा जोडा काढला. "नाव सांग." ती म्हणायची, "नाव न्हाई." तो मारायचा. "नाव सांग." "नाव न्हाई." मग त्यानं तिला उताणं केलं आणि पोटात लाथ घातली. तीन घातल्या. प्रत्येक लाथेला मला वाटायचं, आता लेकरू पडेल.

बायका भिंतीवरून बघत होत्या. भावकीतले वडीलधारे व्यंकटराव दाराशी उभे होते, लिंबाची काडी दातात. कुणी आत आलं नाही.

चौथ्या लाथेला मी तिच्यावर पडले. ती लाथ माझ्या मांडीवर बसली. भुजंग थबकला. घामानं निथळत होता आणि डोळ्यांत पाणी होतं, हे लिहायला पाहिजे.

"काकू, बाजूला व्हा."

"मला मार."

"तुमचा हात कव्हा खोटा पडला का? हे सगळे उभे हायेत, ह्यांच्यापुढं सांगा. पडला का?"

मी खाली बघितलं.

हा भुजंग पायाळू. माझ्याच हातावर जन्मला. आधी पाय आले होते. दोन प्रहर झुंजून मी त्याला बाहेर ओढला, तेव्हा त्याच्या आईनं माझे पाय धरले होते.

छबूच्या डाव्या डोळ्यात रक्त उतरलंय. श्वास घेताना बरगडी टोचते म्हणते. हळद भरली, शेक दिला. पार्वतीच्या तोंडाला कुलूप असतं तर हे घडलं नसतं.

२६ नोव्हेंबर

दोन दिवस उशाशी बसून आहे. रक्त चालूच आहे, पण पडलं काहीच नाही. असल्या मारानं म्हैस गाभडली असती.

दाईच्या शिक्षणात मिळालेली लाकडी नळी पोटाला लावली. नुसता छबूचा श्वास ऐकू आला. लवकर असेल अजून. छाती बघितली, तिथंही काही फरक नाही. असतं एखादीचं असं.

पुन्हा हात लावला. कडक लागलं. लेकराचं पोट असं एकाच बाजूला कडक लागत नाही, हे मला ठाऊक आहे. ठाऊक आहे आणि लिहून ठेवलं, पुढं बघू.

३ डिसेंबर

नाव गावानंच शोधून काढलं. वैजीनाथ. का, तर त्यानं तिला गाडीत घातलं. रक्तानं भिजलेलं गोणपाट त्यानं ओढ्यावर धुतलं, ते बघणारे चार जण निघाले.

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायच्या वादावरून वर्षभर हवा तापलेली आहेच. पारावर पोरं म्हणायली, "तिकडं नाव पायजे म्हणायलेत, इकडं आपल्या घरात हात घालायलेत." म्हाताऱ्यांनी ऐकलं आणि माना हलवल्या.

काल ओढ्याच्या उताराला सहा जणांनी वैजीनाथची गाडी अडवली. गाडीचीच उभारी, कडेचा लाकडी दांडा, काढली आणि तिनंच मारलं. उजवा हात कोपराखाली मोडला, हाड कातडं फाडून बाहेर आलं. तोंडात माती कोंबली. बैल तसेच जू घेऊन घरी गेले, म्हणून त्याच्या बायकोला, कमलबाईला कळलं. सहांतला एक भुजंग होता.

वाईट वाटलं. भीमनगरात मी कधी गेले नाही, बाळंतपणालाही नाही, त्यांची सुईण वेगळी. एका बाईच्या हाती हळद आणि तेल पाठवलं. संध्याकाळी हळद तशीच परत आली.

५ डिसेंबर

भुजंग आला, ओट्यावर बसला, आमच्या ह्यांच्याकडं न बघता माझ्याशी बोलला. "काकू, तिला परभणीला न्या अन् मोकळी करून आणा. पुन्हा मी हात लावणार न्हाई. सूर्यभानदादाच्या फोटूपुढं बसता यिना मला."

मला ते समंजसपणाचं वाटलं. गुरुवारी जातो.

९ डिसेंबर

परभणीला गेलो. स्टँडाच्या मागं एका डॉक्टरीणबाईचा दवाखाना आहे. पन्नाशीची बाई, चष्मा दोरीला बांधलेला, हात माझ्यासारखेच जाड. तिनं यंत्र पोटावर फिरवलं. टीव्हीसारखा पडदा होता, त्यात ढग दिसत होते.

"कोण म्हणालं दिवस गेलेत?"

"मी."

"तुम्ही कोण?"

"सुईण."

तिनं मला जवळ बोलावलं, पडद्यावर बोट ठेवलं. "आजी, इथं बाळ नाही. पिशवीच्या भिंतीत गाठ आहे, लहान नारळाएवढी. शेजारी दोन बारक्या. कॅन्सर नाही, साधी मांसाची गाठ. पण हिच्यापायीच रक्त जातंय. असंच चाललं तर वर्ष काढायची नाही ही बाई." मग छबूला कुशीवर वळवलं आणि विचारलं, "पाठ कुणी फोडली?"

छबू म्हणाली, "गाडीवरनं पडले."

डॉक्टरीणबाईनं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

गोळ्यांनी भागायचं नाही, पिशवीच काढावी लागेल. दोन वाटा सांगितल्या. एक, पोट फाडून. मग आठ-दहा दिवस दवाखान्यात आणि तीन महिने घागरसुद्धा उचलायची नाही. दुसरी, लेकरं येतात त्याच वाटेनं. पोटाला चीर नाही, टाका दिसत नाही. गाठ मोठी असल्यानं आतल्या आत तिचे तुकडे करून काढावे लागतील, ते सगळ्यांना जमत नाही, मला जमतं म्हणाली. चौथ्या दिवशी घरी, दीड महिन्यानं कामाला. आधी महिनाभर रक्त वाढायची इंजेक्शनं. तारीख दिली बारा जानेवारी.

छबूनं तिथल्या तिथंच सांगितलं, "खालून."

एसटीत ती खिडकीशी बसली. मानवतरोड आल्यावर माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "आत्याबाई, आता गावात सांगताल ना?"

म्हणलं, सांगते की.

११ डिसेंबर

सांगितलं. कसं सांगितलं तेही लिहिते, इथं खोटं लिहून कुणाला दाखवायचंय?

पार्वतीला म्हणलं, डॉक्टरीण म्हणते गाठ आहे.

"अन् तुमी काय म्हणता, काकू?"

म्हणलं, "मशीन हाय बाई. मशीनीतलं आपल्याला काय कळतं."

मी चुकले, एवढे दोन शब्द काही बोलले नाही. व्यंकटरावांच्या नातसुनेचे दिवस भरत आलेत, पाच वाड्यांवरून बोलावणी येतात. सुइणीचा हात खोटा म्हणलं की संपलं. उद्या पोरी म्हणतील, हिनं आपल्या पोटातलं तरी खरं सांगितलं का? शिवाय डॉक्टरिणीनं सांगितलंच आहे. तिचं मोठं शिक्षण, तिचं ऐकतील.

ऐकलं कुणीच नाही. पार्वती विहिरीवर म्हणाली, "काकू झाकायल्यात. जुन्या माणसाचं काळीज मऊ असतंय."

२० डिसेंबर

भावकी आमच्या ओट्यावर बसली. छबूला आत बसवलं होतं. व्यंकटराव बोलले, "गाठ म्हणताव, तर गाठ. पोट फाडून काढा. टाके राहत्यात. घरातल्या तीन बायकांनी टाके बघावे, इषय मिटला, ती तिच्या वावरात सुखी. अन् टाके नसले तर समजायचं ते समजू. मग तिनं माहेरची वाट धरावी."

भुजंग म्हणाला, "मला कबूल हाय."

मला हायसं वाटलं. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही. चीर काय, भरून येते. आमचे हे मात्र चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "बाजारात बैलाचे दात बघत्यात तसं हाय हे," आणि उठून गोठ्यात गेले.

मी आत जाऊन छबूला समजावलं. ती सुपात ज्वारी पाखडत होती.

"छबू, चीर बरी. जलमभराची साक्ष व्हईल."

"माझ्या पाठीवर आठ हायेत, आत्याबाई. त्या बघून कुणाला काय पटलं?"

"त्या माराच्या."

"अन् ही कशाची असंल?" तिनं सूप आपटलं. "तीन महिने मी खाटंवर पडायचं, वावर वाळू द्यायचं, अन् वरून लुगडं वर करून बायकांना दाखवायचं. कशापायी? माझ्या पोटात गाठ निघाली म्हणून?"

हट्टी आहे. पहिल्यापासूनच हट्टी. पण एवढ्या मारातही तिच्या तोंडून कुणाचं नाव निघालं नाही, तोही हट्टच म्हणायचा.

मग मला वाटलं, निघणार कुठून? नाव नव्हतंच.

२ जानेवारी १९९४

इंजेक्शनं चालू. ओठांना रंग आलाय.

सकाळी छबूच्या दाराला लाल फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी टांगलेलं होतं. सोडलं तर कुत्र्याचं मेलेलं पिल्लू. मान मुरगळलेली. छबूनं ते परसात पुरलं, वर दगड ठेवला, हात धुतले आणि वेचणीला गेली. वैजीनाथची पट्टी तशीच उभी आहे, बोंडं जमिनीवर गळायलीत. त्याचा हात प्लास्टरात. ती पट्टीसुद्धा छबूच वेचते, त्याचा वाटा वेगळा ठेवते. मी म्हणलं, लोक बघतात. म्हणाली, "बघू द्या."

११ जानेवारी

दवाखान्यात भरती केलं. कागदावर नातेवाइकाची सही लागते. नर्सनं कागद माझ्यापुढं ठेवला, वर लिहिलं होतं, खालून काढण्याचं.

मी पेन धरलं आणि खाली ठेवलं.

"पोट फाडायचं लिहा," म्हणलं. "मग सही करते."

नर्स निघून गेली. खोलीत आम्ही दोघीच. मला रडू आलं. "अगं, टाके नसले तर ते तुला गावात राहू देतील का? मी काय तुझ्या वाइटाची हाय?"

छबू खाटेवर पाय सोडून बसली होती. आवाज चढवला नाही. "आत्याबाई, एकदा माझ्या पोटाचं तुमी सांगितलं. मी न्हाई म्हणत होते, तरी तुमीच सांगितलं. मग भाऊजींनी सांगितलं, मग भावकीनं. आता एक बारी मला सांगू द्या."

मग मी नर्सला हाक मारली आणि होता त्या कागदावर सही केली. सही करताना वाटत होतं, मी तिला गावातून उठवायच्या कागदावर सही करत आहे.

१२ जानेवारी

उजवा हात शाबूत आहे म्हणून लिहिते आहे, डावा लचकलाय.

नऊ वाजता आत नेली. दहाच्या सुमाराला भुजंग आणि पार्वती आले, टाक्यांची खात्री करायला. पार्वतीनं डबा आणला होता. आम्ही तिघं एका बाकावर बसलो. भुजंगनं विचारलं, "काकू, दुखतंय का तिला?" म्हणलं, भूल दिलीय.

अकराला नर्स ट्रे घेऊन बाहेर आली. काढलेलं घरच्यांना दाखवायची इथं रीत आहे. म्हणाली, "नातेवाईक कोण? हे बघून घ्या. पोटाला टाके नाहीत, खालून काढलंय."

ट्रेमध्ये तुकडे होते. दहा-बारा, रक्तात.

भुजंगचा चेहरा पांढरा पडला. "तुकडे केले," तो म्हणाला. आधी हळू, मग मोठ्यानं. "तुकडे करून काढलं. टाका न्हाई, काय न्हाई. बघ पार्वते, हे बघ, तुकडे तुकडे करून काढलं."

पार्वती भिंतीशी ओकली. वऱ्हांड्यातले लोक गोळा झाले. भुजंगनं माझा दंड धरून मला हिसडलं. "तुमी सही केली? तुमी?"

मी ट्रेत हात घातला. नर्स नको नको म्हणायली. सगळ्यात मोठा तुकडा उचलला. कवळ्या नारळाच्या खोबऱ्यासारखा पांढरा आणि चिवट. बोटानं दाबला, दबला नाही. दुसरा उचलला. तिसरा. सगळे चाचपले. हाड नाही, कुर्चा नाही, नाळ नाही, वार नाही. दोनशे लेकरं आणि तेवढ्याच वारा ह्या हातांनी धुतल्यात, मला कळतं.

"भुजंग, हे लेकरू न्हाई. लेकरू कव्हाच नव्हतं. माझा हात चुकला. ऐकतोस का, तुझ्या काकूचा हात चुकला."

"आता म्हणता व्हय?"

त्यानं तळहातानं माझ्या तोंडावर मारलं. मी ट्रेसकट खाली आले. फरशीवर सगळं पसरलं. वरचा एक दात गेला. दवाखान्याच्या माणसांनी त्याला धरलं, त्यानं एकाचं डोकं खिडकीवर आपटलं, काच फुटली, आणि तो पायऱ्या उतरून गेला. पार्वती डबा तिथंच विसरून त्याच्यामागं पळाली.

डॉक्टरीणबाई आली, तिनं स्वतः माझा ओठ शिवला. दोन टाके. कुणाला टाकेच बघायचे असतील तर हे आहेत.

दुपारी छबू शुद्धीवर आली. "भाऊजी आले होते?"

"आला होता."

"पटलं?"

मी तोंडावरचा पदर काढला. तिनं बघितलं आणि माझा हात हातात घेतला.

१६ जानेवारी

छबू दुसऱ्याच दिवशी उठून चालली. पोट सपाट. आज सोडणार होते, पण ताप आला म्हणून आणखी दोन दिवस.

मालक सकाळच्या गाडीनं आले. भाकरी आणल्या होत्या. खाली बसले. मग सांगितलं.

शुक्रवारी संक्रांत. रेडिओवर बातमी आली, विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव लागलं. भीमनगरात पोरांनी हलगी वाजवली, नीळ उधळली. चार वाजता भुजंग आणि दहा-बारा जण गेले. बाकीच्या घरांवर दगड मारले. वैजीनाथच्या घरावर रॉकेल ओतलं. बाहेरून कडी घातली होती. वैजीनाथला मोडक्या हातानं दार ढकलता येईना. कमलबाईनं मागचा कूड खुरप्यानं फाडला, दोन्ही लेकरं बाहेर फेकली, मग नवऱ्याला ओढलं. त्याची पाठ भाजली. गाय दावणीलाच जळाली, तिचा आवाज आमच्या ओट्यावर ऐकू आला म्हणाले.

मी विचारलं, "सगळ्यांत त्याचंच घर कामून जाळलं?"

मालक माझ्याकडं बघत राहिले. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात असे बघितले नव्हते.

"ते म्या तुला सांगावं व्हय?" म्हणाले.

१९ जानेवारी

काल घरी आलो. आज सकाळी पार्वती आणि दोघी जणी छबूकडं आल्या. भुजंगला पोलिसांनी नेलंय, तरी भावकीचा शब्द तो शब्द. छबू खाटेवर बसली होती.

"टाके दाखव म्हणायलेत."

"टाके न्हाईत."

"मग पोट दाखव."

"लुगड्याला हात लावला तर विळा हाय माझ्याजवळ," छबू म्हणाली. "ताटात घालून दाखवलं तव्हा बघायचं होतं. आता दुकान बंद झालं."

एकजण हसली. पार्वतीनं तिला कोपर मारलं. गेल्या तिघी. माहेरची वाट धर म्हणायला अजून कुणी आलेलं नाही. येतील बहुतेक.

दुपारी मी उठले आणि भीमनगरात गेले. बासष्ट वर्षांत पहिल्यांदा. आमच्या मागच्या भिंतीपासून दोनशे पावलं भरत नाहीत. कमलबाई राखेतून भांडी वेचत होती. वाकडं झालेलं पातेलं घासून बघत होती, उपयोगी पडतं का.

"कमल, मी चुकले. छबूच्या पोटात काय नव्हतं. मीच सांगितलं होतं, अन् ते खोटं होतं."

तिनं मान वर केली नाही. "कव्हा कळलं तुमाला?"

"नऊ डिसेंबरला."

पातेलं घासायचं थांबलं. "अन् आमचं घर कव्हा जळालं?"

मी उभीच.

"बसा म्हणावं तर बसायला काय उरलं न्हाई," कमलबाई म्हणाली. "तुमचा हात चुकला, माझ्या माणसाचा मोडला. मला सांगून काय करायचं, आजी? मला पयल्यापासून ठाऊक होतं. मानवतला ठाण्यात जबाब चाललेत. तिथं सांगा."

घरी येऊन मालकांना म्हणलं, शनिवारी मानवतला जायचं. म्हणाले, "भुजंग आत जाईल." म्हणलं, "जाईल." म्हणाले, "मी येतो संगं."

२२ जानेवारी, शनिवार

ठाण्याच्या फाटकापाशीच व्यंकटराव भेटले. "वहिनी, घरातली गोष्ट घरात. उद्या कुणाच्या दारात उभ्या राहताल?" मी त्यांना नमस्कार केला आणि आत गेले.

आत एका बाकावर भुजंग, शेजारी शिपाई. समोरच्या बाकावर कमलबाई. भुजंगची दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. मला बघून उठला, शिपायानं खाली बसवला.

"काकू, तुमच्या हातावर जलमलो मी."

"व्हय," म्हणलं. "जेवलास का?"

त्यानं मान हलवली. मालकांच्या फडक्यात दोन भाकरी आणि ठेचा होता, तो त्याला द्यायला लावला. तो खायला लागला, मग मी जमादारापुढं बसले.

सगळं सांगितलं. २१ नोव्हेंबरपासून. पराणी, तीन लाथा, चौथी माझ्यावर. ओढ्यावरचे सहा जण, नावांनिशी. आमच्या ओट्यावर झालेली बैठक. ट्रे. जमादार भराभर लिहीत होता.

"गर्भ आहे असं पहिल्यांदा कोण म्हणालं?"

"मी."

"बरं. झालं मग. सही करता का अंगठा?"

"न्हाई झालं," म्हणलं. "नऊ डिसेंबरला मला कळलं की ती गाठ हाय. बारा जानेवारीपर्यंत चारचौघांत म्हणाले न्हाई की मी चुकले. चौतीस दिवस. ते बी लिहा."

जमादारानं पेन थांबवलं. "ते लागत न्हाई, आजी. त्यात गुन्हा न्हाई कसला."

"लागतं. लिहा."

त्यानं कमलबाईकडं बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती. त्यानं लिहिलं. मग नियमाप्रमाणं सगळा जबाब मोठ्यानं वाचून दाखवला. त्या ओळीपाशी आला तेव्हा बाकावर भुजंगचा घास हातातच थांबला.

"काकू," तो म्हणाला, "मग तव्हाच कामून सांगितलं न्हाई? आमाला कुणालाच कामून सांगितलं न्हाई?"

"माझा मान जाईल म्हणून," मी म्हणलं.

त्यानं भाकरी फडक्यावर ठेवली, आणि मी सही केली.